वादी स्वतः

पुकारा झाला तेव्हा मी जिन्यात होते,
पिशवीतली वही चाचपत.
गड्डम राजव्वा नरसय्या ऽऽ
पट्टेवाल्यानं नाव असं ओढलं
की वाटलं, कुणी दुसरीच बाई असेल.

वकील कोण? कारकुनानं चष्म्यावरून विचारलं.
मी म्हटलं, मीच की ओ.
त्याचं पेन जरा अडखळलं,
मग रोजनाम्यात उतरलं :
वादी स्वतः हजर.

वकील बघितला नव्हता असं नाही.
नऊशे साठ शर्ट, आकाशी, शाळेचे,
नगाला चाळीस, म्हणजे अडतीस हजार चारशे.
त्यांची फी ऐकली आणि पाणी पिऊन उठले.
मोफतचाही अर्ज केला. मिळालेला वकील
दोन तारखांना आला नाही.
तिसऱ्या तारखेला नुसतं बसून राहवेना,
उभी राहिले.

रात्री मशीनवर सराव करायचे.
मीच विचारायची, मीच सांगायची,
मध्ये दोरा तुटला की साहेबांसारखं
'पुढे' म्हणायची.
धाकटा चादरीतून विचारायचा,
अम्मा, कोण आलंय?

वही माझी, अक्षर माझं,
पण तेलुगूत. साहेब म्हणाले, भाषांतर जोडा.
मी म्हटलं, वाचून दाखवते की.
तुम्ही वादी आहात, तुमचं चालणार नाही.
मग माझ्याच हिशोबाचा मराठी अर्थ
एका परक्या माणसाकडून
तीनशे रुपयांना विकत घेतला.
त्यात त्यानं 'काज'चं 'काम' केलं होतं.
तेवढं मी दुरुस्त करून घेतलं.

आज त्यांचा साक्षीदार : मल्लिनाथ मास्तर.
दुकानात माल मोजून घेणारा.
माझ्या मशीनचा पहिला पट्टा
यानंच बसवून दिला होता, पैसे न घेता.
शपथेवर सांगितलं त्यानं,
बाईंचा माल आलाच नाही.
सांगताना तो पंख्याकडे बघत होता.

विचारा, साहेब म्हणाले.
घरी पाठ केलेले अकरा प्रश्न
घशातच राहिले.
पुढ्यात मास्तर, आणि तोंडून आलं तेच
जे दुकानाच्या पायरीवर नेहमी यायचं :
मास्तर, त्या शर्टाला काजं किती?

सहा, तो म्हणाला.
आणि खिशाला?
खिशाला कुठं होतं, तो एकदम तापला,
सॅम्पलला होतं, तुम्ही विसरलात,
म्हणून तर शंभर नग मी परत पाठवले,
बोलणी मला खावी लागली, माल...

पंखा फिरत होता.
त्यांचे वकील अर्धे उठले आणि तसेच राहिले,
ना उभे, ना बसलेले.
साहेबांनी टायपिस्टकडे बघितलं :
जसं बोलले, तसं घ्या.

खटखट, खटखट.
माझ्या आयुष्यात मी न दाबलेलं
एवढं गोड मशीन कधी ऐकलं नव्हतं.
मास्तरच्या कानामागून घाम उतरत होता,
पिवळ्या कॉलरपर्यंत.
ती कॉलर उलटून शिवायला झाली होती.

वकील असता तर इथं खाली बसला असता.
एवढं मलाही कळत होतं.
पण आता मास्तर माझ्याकडे बघत होता,
आणि मी विचारलं,
तुमची सरोजा बरी आहे का आता?
डायलिसिस कुठं चालू आहे?

त्याचं तोंड उघडलं.
गैरलागू, साहेब म्हणाले, अगदी हळू.
प्रश्न नाकारला.
तेही टाइप झालं असणार.

पुढली तारीख सतरा.
जिन्यात मास्तर माझ्या आधी उतरला,
चप्पल हातात घेऊनच, घाईत.
मी त्याला हाक मारली नाही.
मारायची होती की नाही, अजून ठरत नाही.

बाहेर ऊन असं की डांबर चिकटत होतं.
इस्माईलभाई टायपिंगवाल्यांनी विचारलं,
काय झालं ताई?
मी म्हटलं, सतरा तारीख झाली.

मग साखर पेठेत जाऊन
आकाशी बटणं घेतली, दोन ग्रोस.
दुसऱ्या दुकानाची ऑर्डर आहे.
या वेळी चिठ्ठीवर सही घेतलीय,
मराठीत.